सगळे आकडे निवांत, तरी नवा लॅपटॉप संथ: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न: लेखणीबहाद्दर

नमस्कार. अलीकडेच घेतलेला नवा लॅपटॉप अपेक्षेपेक्षा फारच संथ चालतो आहे आणि त्याचे कारण मला सापडत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. कागदावर तरी यंत्र चांगले आहे. कमी वीज खाणाऱ्या वर्गातला दहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (साठवणीची वेगवान डिस्क) आणि विंडोज ११ अशी त्याची घडण आहे. माझे कामही जड म्हणावे असे नाही. लांबलचक दस्तऐवजांचे संपादन, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब आणि अधूनमधून व्हिडिओवरची बैठक, एवढाच व्याप असतो.

संथपणाचे स्वरूप मात्र चमत्कारिक आहे. कधीकधी यंत्र अगदी झटपट चालते आणि आपण उगीचच तक्रार करतो आहोत असे वाटू लागते. मग अचानक सगळेच जड होते. स्टार्ट मेनू उघडायला तीन-चार सेकंद लागतात, ब्राउझरचा टॅब बदलला की पान आधी पांढरे दिसते, आणि टंकताना तर ‘क्ष’साठी आधी पाय मोडलेला ‘क’ पडद्यावर येतो, तो तसाच थांबतो, आणि मी पुढचा शब्द निम्मा टंकून झाल्यावर ते जोडाक्षर पूर्ण होते. हे एकाच प्रोग्रामपुरते नाही, सर्वत्र आहे.

यंत्राचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर पाहिला, तर तिथे काहीच वावगे दिसत नाही, आणि खरा गोंधळ तोच आहे. यंत्र अडखळत असताना सीपीयू २८ ते ३० टक्के असतो आणि त्याच्या वर जवळजवळ जातच नाही. मेमरी १६ पैकी ७ जीबीच्या आसपास वापरात असते, डिस्क शून्य ते दोन टक्के. पंख्याचा आवाज नाही, तळ हाताला गारच लागतो. कोणताही भाग कामाच्या ओझ्याखाली नसताना काम संथ का व्हावे?

आजवर केलेले उपाय असे. विंडोजचे आणि ड्रायव्हरांचे सर्व अपडेट घेतले आहेत, यंत्रासोबत आलेला चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस काढून टाकला आहे, सुरू होतानाच उघडणारे प्रोग्राम बंद केले आहेत आणि पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवला आहे. रीस्टार्ट केले की काही वेळ बरे वाटते, पण ते टिकत नाही. मेजावर असताना मी लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला एकाच यूएसबी-सी केबलने जोडतो, चित्र आणि चार्जिंग दोन्ही त्याच केबलवर होते. एरवी बॅटरीवर काम करतो. संथपणा दोन्हीकडे अनुभवास आला आहे.

सेवाकेंद्राने सर्व काही पुसून विंडोज नव्याने टाकण्यास सांगितले आहे. यंत्र परत करण्याची मुदत अजून थोडी शिल्लक आहे. विंडोज नव्याने टाकावे, यंत्र परत करावे, की आणखी काही तपासून पाहावे?

सावकाश_जाणारा

नव्या यंत्राचा पहिला काळ संथ असतो, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. यंत्र कारखान्यातून निघून आपल्या हाती येईपर्यंत विंडोजचे बरेच अपडेट साचलेले असतात, आणि ते उतरवणे व बसवणे एवढेच मोठे काम असते. त्याच वेळी स्टोअरमधले अ‍ॅप स्वतःला अद्ययावत करत असतात, शोधासाठी फायलींची अनुक्रमणिका बांधली जात असते, वनड्राइव्ह जुन्या संगणकावरच्या फायली खाली ओढत असतो आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर त्यांतली प्रत्येक फाइल तपासत असतो. शिवाय अनेक नव्या यंत्रांत डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे तिच्यावरचा मजकूर सांकेतिक रूपात बदलणे, आपोआप सुरू होते. ही सगळी कामे एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्यामुळे पहिल्या दिवशीच यंत्राबद्दल मत बनवू नये, असे मी नेहमी सांगतो.

आपण आता त्या टप्प्याच्या पुढे आला असाल असे दिसते, पण खात्री करून घेणे सोपे आहे. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘सर्चिंग विंडोज’ हे पान उघडा. अनुक्रमणिकेत किती बाबी यायच्या बाकी आहेत तो आकडा तिथे दिसतो आणि तो शून्य असायला हवा. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ ही आज्ञा दिली, तर एन्क्रिप्शन पूर्ण झाले आहे की चालू आहे तेही कळते. हे दोन्ही संपलेले असेल, तर यंत्र रात्रभर चार्जरवर चालू ठेवून उरलेली कामे उरकू द्यावीत आणि मग पाहावे.

अँटिव्हायरस काढताना तो पूर्ण निघाला आहे ना, हेही पाहा. काही कंपन्यांच्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर नेहमीच्या पद्धतीने प्रोग्राम काढल्यावरही मागे राहतात, आणि त्यासाठी त्या त्या कंपनीने वेगळे साधन दिलेले असते.

मंद_दिवा

माझा अंदाज मेमरीकडे जातो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर मेमरी निवडल्यास उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी नोंद असते. तिथे ‘१ ऑफ २’ असे दिसत असेल, तर १६ जीबीची एकच पट्टी बसवलेली आहे, म्हणजे मेमरीत ये-जा करण्याच्या दोन वाटांची, अर्थात वाहिन्यांची, सोय असूनही एकच वापरात आहे. डीडीआर४ च्या एका पट्टीची वाहिनी ६४ बिट रुंद असते, दोन पट्ट्या असल्या की रुंदी १२८ बिट होते. स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपमध्ये चित्र रंगवण्यासाठीही हीच मेमरी वापरली जाते, त्यामुळे एकाच पट्टीचा फटका मोठ्या मॉनिटरवर अधिक जाणवतो. आणखी एक पट्टी टाकून पाहावी, असे मी सुचवेन.

तळटीप

वरच्या दोन्ही प्रतिसादांत लिहिलेले खरे आहे, परंतु प्रश्नातल्या लक्षणांशी ते जुळत नाही, असे मला वाटते. अपडेट किंवा अनुक्रमणिका चालू असती, तर डिस्क शून्य ते दोन टक्क्यांवर राहिली नसती. मेमरीच्या एकाच पट्टीने खेळ आणि ग्राफिक्सची कामे मंदावतात हे खरे, पण स्टार्ट मेनू उघडायला चार सेकंद लागत नाहीत, आणि मुख्य म्हणजे तो परिणाम कधी असतो आणि कधी नसतो असे होत नाही. येथे यंत्र मधेच झटपट चालते. कारण काहीही असो, ते मधेच लागू होणारे आणि मधेच सुटणारे असले पाहिजे.

प्रश्नातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली, यंत्र अडखळत असतानाही तळ गार आहे आणि पंखा बंद आहे. दुसरी, सीपीयू ३० टक्क्यांच्या वर ‘जातच नाही’. खरोखर निवांत असलेल्या प्रोसेसरचा आलेख कधी दोन टक्के, कधी चाळीस असा खालीवर उड्या मारतो. तो एका रेषेवर टेकून सपाट चालत असेल, तर त्या रेषेला काहीतरी अर्थ असतो.

विंडोज ८ पासून टास्क मॅनेजर सीपीयूचा जो टक्का दाखवत आला आहे, तो केवळ ‘प्रोसेसर किती वेळ कामात होता’ याचा नाही. कामात असलेला वेळ गुणिले चालू वेग, भागिले प्रोसेसरचा मूळ वेग (बनवणाऱ्याने ठरवलेला नेहमीचा वेग), असा साधारणपणे तो हिशेब असतो. त्यामुळे मूळ वेग १.३० गिगाहर्ट्झ असलेला प्रोसेसर काही कारणाने ०.३९ गिगाहर्ट्झवर अडकला, तर तो शंभर टक्के वेळ राबत असला तरी पडद्यावर आकडा दिसतो ३० टक्क्यांचा. पाहणाऱ्याला वाटते की सत्तर टक्के ताकद पडून आहे, प्रत्यक्षात त्या घटकेला प्रोसेसरजवळ जे काही आहे ते सगळे खर्ची पडलेले असते. २०२५ मधल्या अपडेटांपासून विंडोज ११ ने हा हिशेब बदलायला घेतला आहे, आणि जुना आकडा ‘डिटेल्स’ पानावर ‘सीपीयू युटिलिटी’ या वेगळ्या स्तंभात हवा असल्यास पाहता येतो. आपण दिलेल्या आकड्यांवरून आपल्या पडद्यावर मात्र अजून जुनाच हिशेब दिसत असावा.

म्हणून टक्का बाजूला ठेवा आणि वेग पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयू निवडा. आलेखाखाली ‘स्पीड’ असा मोठा आकडा असतो आणि त्याच्या उजवीकडे लहान अक्षरांत ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. यंत्र चांगले चालत असताना एखादे काम दिले की ‘स्पीड’ मूळ वेगाच्या कितीतरी वर, तीन-चार गिगाहर्ट्झपर्यंत उसळला पाहिजे. यंत्र संथ असताना तो ०.३९ किंवा ०.४० च्या जवळ खिळलेला दिसला, तर रोगाचे नाव जवळपास ठरले. हा आकडा कुठून येतो तेही सांगतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत १०० मेगाहर्ट्झच्या मूळ स्पंदाला गुणकाने गुणून वेग ठरतो, आणि चालू अवस्थेतला सर्वांत खालचा गुणक चार असतो. म्हणजे ४०० मेगाहर्ट्झ हा त्यांचा तळ आहे आणि आपला प्रोसेसर बहुधा त्या तळाला जाऊन बसतो आहे.

दुसरी साक्ष हवी असेल, तर स्टार्टमध्ये ‘रेसमॉन’ टंकून रिसोर्स मॉनिटर उघडा. त्याच्या सीपीयू पानावर हिरवी आणि निळी अशा दोन रेघा असतात. निळी रेघ ‘मॅक्सिमम फ्रीक्वेन्सी’ची आहे आणि ती मूळ वेगाशी तुलना करूनच आकडा देते. चांगल्या यंत्रात ती कामाच्या वेळी शंभराच्या पुढे जाते, अडकलेल्या यंत्रात तीसच्या आसपास जमिनीला चिकटून राहते.

आता कारणे. उष्णतेने वेग उतरतो तेव्हा तो असा खिळत नाही. प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या जवळ गेला की वेग उतरतो, गार झाला की चढतो, असा करवतीच्या दात्यांसारखा आलेख दिसतो, शिवाय पंखा जोरात असतो. आपल्याकडे तसे काही नाही. दुसरी शक्यता म्हणजे जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ कोणीतरी खाली आणलेली असणे. ती शंभर टक्के आहे ना हे एकदा पाहून घ्या, कारण ९९ केली तरी प्रोसेसरची उसळी बंद होते. पण तेवढ्याने वेग मूळ वेगाच्या जवळ राहील, त्याच्या एक तृतीयांशाखाली जाणार नाही.

माझा खरा संशय आपल्या मॉनिटरच्या केबलवर आहे. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर बॅटरी, चार्जिंग, पंखा आणि कीबोर्ड यांची देखरेख करणारी एक लहान चिप असते, तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. बाहेरून येणारी वीज अपुरी आहे किंवा चार्जर ओळखता येत नाही असे तिला वाटले, तर ती प्रोसेसरला ‘वेग उतरव’ असा इशारा देऊ शकते. इंटेलच्या परिभाषेत या तारेला बीडी प्रॉकहॉट असे नाव आहे. नावात ‘हॉट’ असले तरी यंत्र तापलेले असण्याची गरज नसते. इशारा बाहेरून आला, एवढे प्रोसेसरला पुरते. विंडोजला यातले काही कळत नाही, म्हणून कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि म्हणूनच विंडोज नव्याने टाकूनही काही साधत नाही.

मॉनिटरच्या पुस्तिकेत त्याचा यूएसबी-सी पोर्ट किती वॅट देतो ते पाहावे. ‘चार्जिंग होते’ एवढे पुरेसे नाही. काही मॉनिटर ६५ किंवा ९० वॅट देतात, तर काही केवळ १५ वॅट, म्हणजे पाच व्होल्ट आणि तीन अँपियर, आणि दोघांच्याही जाहिरातीत यूएसबी-सी हेच लिहिलेले असते. सोबत आलेल्या चार्जरवर किती वॅट छापले आहेत तेही येथे लिहावे.

तपासणी या क्रमाने करा, म्हणजे निष्कर्षात शंका उरणार नाही. प्रथम सर्व केबल काढून ‘रीस्टार्ट’ करा. येथे ‘शटडाउन’ चालणार नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ शटडाउननंतरही शून्यावर येत नाही, तो याचमुळे. रीस्टार्टनंतर केवळ बॅटरीवर वेग पाहा. मग मूळ चार्जर लावून पाहा. शेवटी चार्जर काढून मॉनिटरची केबल लावा आणि बॅटरी निम्म्याखाली असताना पाहा. परत करण्याची मुदत चालू आहे, तोवर प्रत्येक वेळी पडद्याचे चित्र जपून ठेवावे. सेवाकेंद्राशी बोलताना ‘संथ आहे’ या शब्दापेक्षा ‘०.३९’ हा आकडा जास्त कामाचा असतो.

लेखणीबहाद्दर

सर्वांचे मनापासून आभार. अनुक्रमणिकेचा आकडा शून्य आहे आणि एन्क्रिप्शन शंभर टक्के पूर्ण आहे, त्यामुळे ती शक्यता मिटली. मेमरीची खरोखर एकच पट्टी आहे, तिच्याकडे नंतर वळेन.

तळटीप यांनी सांगितलेल्या क्रमाने तपासणी केली. केबल काढून रीस्टार्ट केल्यावर केवळ बॅटरीवर वेग मूळ वेगाच्या बराच वर खेळत होता आणि टंकलेखन सुरळीत होते. मूळ चार्जरवर, जो ६५ वॅटचा आहे, ब्राउझर उघडताना आकडा चार गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. मग चार्जर काढून मॉनिटरची केबल लावली. सुरुवातीला काहीच झाले नाही आणि संशय चुकला की काय असे वाटले. नंतर एक मोठी फाइल उघडली, आणि तेव्हा वेग १.१०, ०.८० असा उतरत ०.३९ वर येऊन बसला. त्यानंतर मी सर्व प्रोग्राम बंद केले, तरी तो हलला नाही. रिसोर्स मॉनिटरमधली निळी रेघ ३० वर सपाट झाली होती.

मॉनिटरच्या पुस्तिकेत १५ वॅट लिहिलेले आहे. बॅटरीच्या चिन्हावर चार्जिंगची खूण दिसत असली, तरी टक्केवारी वाढत नव्हती, उलट हळूहळू उतरत होती. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या पानावर चार्जिंग मंद असल्याची सूचनाही होती.

एक गोष्ट मात्र अजून उलगडत नाही. मॉनिटरची केबल काढली, तरी वेग ०.३९ वरच राहिला, आणि रीस्टार्ट करीपर्यंत सुटला नाही. बॅटरीवर असतानाही मला संथपणा का जाणवत होता याचा उलगडा त्याने होतो, पण वीज अपुरी असल्याचा इशारा केबल निघाल्यावर आपोआप मागे घेतला जायला नको का?

तळटीप

जायला हवा, आणि चांगल्या रीतीने लिहिलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्राममध्ये, तो जातोही. काही यंत्रांत मात्र एम्बेडेड कंट्रोलर एकदा दिलेला इशारा यंत्र रीस्टार्ट होईपर्यंत धरून बसतो. माझ्या मते यातला हा भाग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या पदरात पडतो. अपुऱ्या विजेत वेग उतरवणे ही सुरक्षितता आहे, पण कारण संपल्यावरही तो उतरलेलाच ठेवणे हा दोष आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामची) नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा. एम्बेडेड कंट्रोलरचे फर्मवेअर बहुधा तिच्यातूनच येते, आणि विंडोज अपडेट ती नेहमीच देते असे नाही. बायोस बदलताना मूळ चार्जर जोडलेला असावा आणि मधे वीज तुटू नये, एवढी काळजी घ्यावी.

जाळ्यावर शोधताना आपल्याला असेही सल्ले भेटतील की थ्रॉटलस्टॉपसारख्या साधनाने बीडी प्रॉकहॉट बंद करून टाका. तसे करू नये. प्रोसेसरने मागितलेली वीज केबलमधून येत नसेल, तर ती बॅटरीतून खेचली जाते, आणि बॅटरी तळाला आली असताना यंत्र अचानक बंद पडू शकते. शिवाय नव्या लॅपटॉपांत ही सोय बऱ्याचदा कुलूपबंद असते, म्हणजे खटाटोप करून हाती काही लागत नाही. ज्याचा चार्जर बरोबर आहे, बॅटरी धड आहे आणि तरीही इशारा येतो, त्याने निदानासाठी ते साधन पाहायला हरकत नाही, पण आपले कारण हाती लागले आहे.

विंडोज पुसून नव्याने टाकण्याची आता काहीच गरज नाही. यंत्र परत करायचे की नाही हे बायोसच्या अपडेटनंतर ठरवावे. मूळ चार्जरवर किंवा केवळ बॅटरीवर, मॉनिटरला हातही न लावता, वेग पुन्हा खिळला, तर मुदत संपण्याआधी परत करा. तसे झाले नाही, तर यंत्र ठेवण्याजोगे आहे.

मंद_दिवा

माझा अंदाज चुकला याचे वाईट वाटत नाही, कारण टक्क्याच्या मागचा हिशेब मलाही नवा आहे. एक शंका विचारतो. केबल बदलून हा प्रश्न सुटला असता का? माझ्याकडे शंभर वॅटची केबल आहे आणि ती घेतल्यापासून सर्व काही वेगाने चार्ज होते असा माझा समज आहे.

तळटीप

येथे नाही. केबल वीज निर्माण करत नाही, ती केवळ किती वाहून नेऊ शकते एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. पुरवठा करणारे यंत्र, केबल आणि घेणारे यंत्र या तिघांत जो सर्वांत कमी असेल, त्याचा आकडा लागू होतो. साधी यूएसबी-सी केबल तीन अँपियर नेते, म्हणजे वीस व्होल्टवर ६० वॅट. त्याहून जास्त हवे असेल, तर पाच अँपियर सांभाळणारी आणि आत ओळखचिप असलेली केबल लागते. मॉनिटरच १५ वॅट देणार असेल, तर शंभर वॅटच्या केबलमधूनही १५ च येणार. उलट बाजूने मात्र आपला मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. चार्जर ६५ वॅटचा आहे पण केबल फोनसोबत आलेली आहे, अशा जोडणीतही हेच लक्षण दिसू शकते.

फिरकी

विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझाही लॅपटॉप नवाच आहे आणि संथ आहे, परंतु वर सांगितल्याप्रमाणे पाहिले तर त्याचा वेग कुठेही खिळत नाही, गरजेप्रमाणे खालीवर होतो. माझ्याकडे ४ जीबी मेमरी आहे आणि डिस्क ६४ जीबीची आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५ टक्क्यांच्या खाली येत नाही आणि डिस्क वारंवार शंभर टक्क्यांवर जाते. चार्जर सोबत आलेलाच वापरते. यात काय करता येईल?

सावकाश_जाणारा

याचे उत्तर मी देतो, आणि ते फारसे सुखद नाही. विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण अशी आहे. आपले यंत्र त्या उंबरठ्यावर उभे आहे. ही अट विंडोज चालू होण्यासाठी आहे, आपण त्यावर सुखाने काम करावे यासाठी नव्हे. इतक्या लहान क्षमतेची साठवण बहुधा ईएमएमसी प्रकारची असते, म्हणजे फोनमध्ये वापरतात तशी मदरबोर्डवरच डकवलेली चिप. तिच्या ५.१ या आवृत्तीची सैद्धांतिक कमाल मर्यादा सेकंदाला ४०० एमबी आहे, साटा या जुन्या जोडणीची एसएसडी ५५० च्या आसपास जाते आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार मार्गिकांवरची चांगली एनव्हीएमई एसएसडी ३,५०० पर्यंत. सलग वाचनाचे हे आकडे सोडले, तरी विखुरलेल्या लहान लहान नोंदी करताना ईएमएमसी अधिकच मागे पडते, आणि विंडोजचे बहुतांश काम तसेच असते.

आपल्याकडे दोन्ही अडचणी एकमेकींना खतपाणी घालतात. मेमरी अपुरी पडली की विंडोज तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क मंद असल्याने ही ने-आण संपतच नाही, म्हणून शंभर टक्के दिसतात. प्रशासकाच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘विनसॅट डिस्क’ ही आज्ञा देऊन वाचनाचा वेग मोजता येईल. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवडल्यावर तिचे नाव वर दिसते, त्यावरूनही प्रकार बहुधा ओळखता येतो.

उपाय मर्यादित आहेत. ब्राउझरची निष्क्रिय टॅब झोपवण्याची सोय चालू करावी, वनड्राइव्हमधल्या फायली मागणीनुसारच खाली येतील असे ठेवावे आणि डिस्कचा किमान पाचवा हिस्सा मोकळा राखावा. मेमरीसाठी मोकळा स्लॉट किंवा एसएसडीसाठी एम.२ ची जागा आहे का, हे मॉडेलच्या सेवापुस्तिकेत पाहा. दोन्हींपैकी एक जरी असेल, तरी फरक पडेल, आणि निवड करायची झाली तर आधी मेमरी घ्या. काहीच नसेल आणि परत करण्याची मुदत बाकी असेल, तर परत करणे हाच शहाणपणा आहे. हे यंत्र बिघडलेले नाही, ते असेच आहे, आणि त्यामुळे कोणत्याही सेवाकेंद्राला त्यात दुरुस्त करण्यासारखे काही सापडणार नाही.

फिरकी

स्पष्ट उत्तराबद्दल आभारी आहे. ‘विनसॅट’ने सेकंदाला २६० एमबी सांगितले आणि सेवापुस्तिकेनुसार मेमरी मदरबोर्डलाच जोडलेली आहे, एम.२ ची जागाही नाही. मुदत अजून आहे, परत करते.

लेखणीबहाद्दर

माझ्याकडची पुढची हकीकत. कंपनीच्या संकेतस्थळावर बायोसची नवी आवृत्ती होती आणि तिच्या बदलांच्या यादीत ‘चार्जिंगविषयक सुधारणा’ असा त्रोटक उल्लेख होता. ती मूळ चार्जर जोडून बसवली. आता मॉनिटरच्या केबलवर वेग अजूनही उतरतो, परंतु केबल काढताच काही सेकंदांत पुन्हा वर येतो, रीस्टार्टची गरज उरलेली नाही. म्हणजे अडकून बसण्याचा भाग फर्मवेअरचाच होता.

मेजावरची जोडणीही बदलली आहे. लॅपटॉपला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. एकात मूळ चार्जर आणि दुसऱ्यात मॉनिटर, अशी मांडणी केली. दोन्हीकडून वीज येत असली तर लॅपटॉप कोणती घेईल याची धास्ती होती, पण तो ६५ वॅटची बाजू निवडतो असे दिसते. बॅटरीची टक्केवारी वाढते आणि वेग कुठे अडत नाही. केबल आधी कोणती लावली यानेही फरक पडला नाही.

तळटीप

अपेक्षित तेच घडले. एकाहून अधिक पुरवठे असताना बहुतेक लॅपटॉप त्यांतला सर्वांत सशक्त एक निवडतात, दोघांची बेरीज करत नाहीत. तरी पोर्ट दोन असले म्हणजे दोन्ही सारखेच असतात असे नाही. काही यंत्रांत एकच पोर्ट चार्जिंग घेतो, आणि त्याच्या शेजारी लहानसे वीजचिन्ह किंवा बॅटरीचे चिन्ह कोरलेले असते. पुढे कधी मॉनिटर बदलण्याचा विचार झाला, तर त्याच्या पोर्टचा आकडा आपल्या चार्जरवरच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा आहे ना, एवढे पाहून घ्यावे, म्हणजे एका केबलची सोय परत मिळेल.

मेमरीची दुसरी पट्टी घेणार असाल, तर सध्याच्या पट्टीचा प्रकार डीडीआर४ आहे की डीडीआर५ हे आधी पाहा, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. सात जीबी वापरात असताना घाई करण्याचे मात्र काही कारण नाही.